हौद्याच्या फळीची गिटार

एकदा एक थोरला भाऊ गेला आणि धाकटा मागे राहिला.

थोरल्याचे नाव सिदू, धाकट्याचे बिरू. सिदू ट्रक चालवायचा. जत्रांचा हंगाम आला की मालकाकडून सुटी घेऊन गावातल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटार त्याच्या केबिनमध्येच असायची, सीटच्या मागे, चादरीत गुंडाळलेली. बिरूला त्याने एकच धून शिकवली होती, तीही गिटारीवर नव्हे. ट्रक कुठेतरी माल उतरवायला थांबलेला असे, दोघे रिकाम्या हौद्यात फळीला पाठ टेकून बसलेले असत, आणि सिदू बिरूच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बोटे दाबून दाखवायचा, मग स्वतःचा हात पुढे करायचा. "हितं दाब. आता हितं. आता सोड. सोड की लेका, हात हाय, हँडल न्हाई."

मग एकदा घाटात ट्रक उलटला. सिदू गेला. गिटारीचे तुकडेसुद्धा कोणी गोळा केले नाहीत.

मालकाने ट्रक भंगारात काढला. हे कळल्याबरोबर बिरू कामावरून उठला आणि तडक भंगारवाल्याच्या आवारात शिरला. कोणाला काही विचारले नाही. तिथलीच पहार उचलली आणि हौद्याची फळी उचकटायला लागला. भंगारवाला शिव्या देत धावत आला, पण जवळ आल्यावर त्याने बिरूचे तोंड पाहिले आणि शिवी अर्ध्यावर सोडली. म्हणाला, "ने बाबा, ने. पण पहार ठेवून जा."

फळी जाड होती, जुन्या सागाची. एका बाजूला निळा रंग, त्यावर पेंटरने काढलेले कमळ, आणि कडेला दोर बांधायची लोखंडी कडी. दोघे भाऊ टेकून बसायचे ती हीच. बिरूने ती खांद्यावर टाकून घरी आणली, सोप्यात उभी केली आणि ओरडूनच सांगितले, "ह्याची मी गिटार करणार. इलेक्ट्रिक. दादाच्या वर्षश्राद्धाला वाजवणार. दादाचाच आवाज ऐकवणार समद्यांना!"

वडील फळीकडे बघत राहिले. आई म्हणाली, "आधी जेवून घे."

बिरूने खरोखर कधी गिटार बनवली नव्हती. तो मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येत, त्यातली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची, एवढे त्याला येत होते. पण तोंडातून शब्द गेला होता, आणि गेलेला शब्द मागे घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

त्या घरात तेव्हा आणखी एक गोष्ट अडून बसली होती, ती आधी सांगायला हवी. सिदूची एक पायताणाची जोडी होती. चांभाराकडून मुद्दाम करकर वाजणारी करून घेतलेली. तो गल्लीच्या टोकाला वळला की घरात कळायचे. आई तवा चुलीवर ठेवायची ती त्या आवाजावर. तेराव्या दिवशी रिवाजाप्रमाणे छत्री, भांडे आणि ही पायताणे दानासाठी मांडून ठेवली होती. बिरू आतून आला आणि भरल्या मांडवात, भटजींच्या समोरून, त्याने पायताणे उचलली. लोखंडी पेटीत टाकली, कुलूप लावले आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

पुढे वडिलांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते सहज म्हणाले, "बिरू, ती पायताणं नुसती पडूनच हाईत. दे की मला."

बिरू पेटला. "आबा, तुमी दादाच्या पायताणात पाय घालणार? तुमाला काय वाटतंय का न्हाई?"

 त्या दिवसापासून वडील अनवाणी चालू लागले. डेअरीला अनवाणी, बाजाराला अनवाणी. नवी चप्पल त्यांनी घेतली नाही. बाप आणि लेक, दोघांचाही पीळ सारखाच होता. आई मधल्यामध्ये वडिलांच्या पायातले काटे काढायची.

त्या गावात सतारी आणि तंबोरे करणारी घरे होती. त्यांतल्या एका घरी एक वृद्ध कारागीर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. दृष्टी मंदावली होती म्हणून नवे वाद्य ते क्वचितच करायला घेत, पण दूरदूरचे गवई तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला त्यांच्याकडेच येत. तार घोडीवर जिथे टेकते तिथे कानसीचा एखादा हात फिरवून आवाज मोकळा करायचा, याला जवारी काढणे म्हणतात. ते काम डोळ्यांचे नाही, कानांचे आहे.

बिरू त्यांच्या कारखान्यात शिरला तो फळी आपटूनच. रचून ठेवलेल्या भोपळ्यांतला एक गडगडत दारापर्यंत गेला.

"हिची गिटार करायची हाय," बिरू म्हणाला.

"आधी तो भोपळा उचलून आण," चाचा म्हणाले. "इथे सतारी होतात बेटा."

"लाकूड ते लाकूडच की."

"तू मोटरीच्या दुकानात असतोस ना? मग मिक्सरची मोटर विहिरीवर बसवतोस का? मोटर ती मोटरच की."

 बिरूने भोपळा आणून जागेवर ठेवला आणि एकदम सगळे बोलून टाकले. घाट, भंगार, वर्षश्राद्ध, दिलेला शब्द. बोलताना तो एका जागी उभा नव्हता. येरझारा घालत होता, हाताला येईल ते उचलत होता, ठेवत होता. चाचांनी मध्ये एकदाही अडवले नाही. त्याचे संपल्यावर त्यांनी फळी मांडीवर घेतली, तिला कान लावला आणि बोटाच्या पेराने जागोजागी टकटक केली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "ऊन, पाऊस, ओझे, सगळे सोसून झाले आहे. आता ही वाकायची नाही. इथून कापू या."

"कापायची न्हाई!"

"मग?"

"हाय तशीच पायजे. आख्खी."

"आख्खी?" चाचांनी फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे हात फिरवला. तो पोचेना, तेव्हा ते सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेले. "मग गिटार कशाला करतोस? दोघेजण मिळून खांद्यावर घ्या आणि हिलाच मिरवा."

बिरू संतापून फळी उचलून निघाला. वेशीपर्यंत गेला आणि परत आला. चाचांनी तोवर करवत काढून ठेवली होती. कमळ आणि कडी राखून जेवढे कापता येईल तेवढेच त्यांनी कापले. कापलेला तुकडा बिरूने पिशवीत भरला. भुसाही भरायला लागला, तेव्हा मात्र चाचा म्हणाले, "भुसा राहू दे रे. मला भोपळ्यांखाली घालायला लागतो."

जुन्या लाकडात खिळे असतात. वरून दिसत नाहीत, डोकी मोडलेली असतात, आणि रंध्याचे पाते त्यांच्यावर गेले की संपते. बिरूला एक युक्ती सुचली. ट्रकच्या टेपचा फुटका स्पीकर त्याने भंगारातून आणला होता. त्यातले चुंबक त्याने सोडवले आणि फळीवरून फिरवले. जिथे खिळा असे तिथे हाताला ओढ लागे. चाचा खूश झाले. पण काम झाल्यावर चुंबक खाली ठेवताना ते चाचांच्या पटाशीला जाऊन चिकटले, ते असे की बिरूला दोन्ही हातांनी ओढून काढावे लागले.

"सोडत नाही रे हे," चाचा हसून म्हणाले. "तुझ्या कुळातलेच दिसते."

काम सुरू झाले. बिरू कामावरून सुटला की येई. त्याला सगळे आजच हवे असे. तासताना तो लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारी आणि चरचर सालपट निघे. चाचा म्हणत, "उलटे कुरवाळलेस तर कुत्रेही चावते." तो बसला की त्याचा गुडघा हले, आणि गुडघा हलला की पाट हले, आणि पाटावर चाचा सतारीचा पडदा बांधत असत. "पाय," ते नुसते म्हणत. थोडा वेळ पाय थांबे. मग पुन्हा हलू लागे.

गिटारीच्या मानेसाठी चाचांनी एका पाडलेल्या घराच्या चौकटीची पट्टी दिली. पडद्यांची अंतरे ऑर्केस्ट्रातल्या एकाची गिटार आणून, तिच्यावर दोरा धरून घेतली. दोर बांधायची कडी काढायला बिरू तयार नव्हता, आणि या वेळी चाचांनीही काढ म्हटले नाही. "खांद्याचा पट्टा हिच्यात अडकव," ते म्हणाले. फक्त ती खुळखुळू नये म्हणून त्यांनी तिच्या मुळाशी सुती दोरा घट्ट गुंडाळला.

एकदा रंधा मारता मारता त्यांनी विचारले, "तुझ्या गळ्यात काय वाजते आहे?"

"किल्ली हाय. पेटीची."

"पेटीत काय?"

बिरूचा रंधा थांबला. मग त्याने पायताणांचे सांगितले. तेराव्याचे सांगितले. वडिलांचेही सांगितले, पण त्यांचे सांगताना आवाज चढला. "तुमीच सांगा चाचा, चुकलं का माजं? त्यांनी ती घातली असती, झिजवली असती. मग दादाचं ऱ्हायलं काय?"

चाचांनी विचारले, "पेटी उघडून बघतोस कधी?"

"बघतो."

"वाजतात?"

"पेटीत ठेवलेली पायताणं वाजतील कशी?" बिरू वैतागून म्हणाला आणि पुन्हा उलटा रंधा मारून बसला.

इलेक्ट्रिक गिटारीचा कान म्हणजे तिचा पिकअप. लाकडी पोटातून नव्हे, त्यातून तिचा आवाज निघतो. तारांच्या खाली चुंबक असते, त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे वेढे. वर पोलादी तार थरथरली की खालच्या वेढ्यांत ती थरथर उमटते आणि स्पीकरपर्यंत जाते. हे काम बिरूचे होते. त्याने ते कोणाला हात लावू दिले नाही. दुकानातली सर्वांत बारीक तार मालकाकडून मागून आणली. चुंबक अर्थातच ट्रकच्या स्पीकरमधले. त्याच्यावर सहा लोखंडी स्क्रू उभे केले, तारेचे वेढे घातले. ते करताना मात्र त्याचा गुडघा हलला नाही. चाचांनी ते पाहिले.

वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आले तेव्हा गिटार उभी राहिली. निळ्या रंगाची, अंगावर अर्धे खरवडलेले कमळ, कमरेला कडी. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणारा दत्तू आपला ॲम्प्लिफायर सायकलवर बांधून कारखान्यात घेऊन आला. गिटार पाहून म्हणाला, "आयला बिऱ्या! हिला नंबर प्लेट लावायची ऱ्हायली की!"

बिरू हसला नाही. त्याने वायर जोडली, मांडीवर गिटार घेतली आणि पहिली तार छेडली.

आवाज आला, पण उमटला तसा विझला. ठप्प. जणू कोणी तोंडावर हात ठेवला. जो थोडा राहिला तो घोगरा, गुरगुरणारा, आणि सुरात नव्हता. एका तारेतून दोन सूर निघत होते आणि एकमेकांशी भांडत होते. बिरूने खुंटी पिळली. तरी तेच. वरच्या पडद्यांवर तर सूर पार भलतीकडे जाई.

"पिकअपला ऐकू येईना," तो म्हणाला. त्याने पेचकस घेतला आणि चुंबक वर उचलले, तारांच्या अगदी जवळ. तार छेडली. आणखी वाईट. आणखी उचलले. आता जाड तार छेडताच खाली ओढली गेली आणि स्क्रूच्या डोक्यावर आपटून चिकटूनच बसली.

दत्तू म्हणाला, "माज्या भावाची गिटार हाय, दोन दिवस ती घेऊन वाजव की. कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय!" बिरू ओरडला. "फळी त्याची, चुंबक त्याच्या ट्रकचं, समदं त्याचं घातलंय हिच्यात. तरी बोलंना!" त्याने गिटार खाली टाकली, कोपऱ्यातली लाकूड तासायची वाकस उचलली आणि हात वर केला. दत्तू मागे सरला. एकच फळी होती. ती फुटली असती तर दुसरी कुठून आणणार होता?

चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "मार. तुझीच आहे. पण आधी मला एक सुई ओवून दे. माझ्या डोळ्यांना आता नेढे दिसत नाही."

अशा वेळी असे काही मागितल्यावर माणूस गोंधळतो. बिरूचा हात वर तसाच राहिला. मग खाली आला. त्याने सुई घेतली. दोरा नेढ्यात जाईना. ओठांत धरून ओला केला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हुकला. शेवटी ओवला.

चाचांनी दोऱ्याचे दुसरे टोक पाटावरच्या खिळ्याला बांधले आणि म्हणाले, "आता ते तुझे चुंबक सोडव आणि दे."

बिरूने ते सोडवून दिले. चाचांनी एका हाताने चुंबक अधांतरी धरले, दुसऱ्याने सुई उचलून त्याच्या दिशेने सोडली. दोरा ताणला गेला आणि सुई हवेत उभी राहिली. चुंबकाकडे झेपावलेली, पण पोचलेली नाही. मध्ये बोटभर मोकळी जागा. दत्तू वाकून बघायला लागला.

"टिचकी मार," चाचा म्हणाले.

बिरूने दोऱ्याला टिचकी मारली. सुई थरथरली. थरथरतच राहिली, कितीतरी वेळ, इतकी की तिचे टोक दिसेनासे झाले.

मग चाचांनी चुंबक किंचित पुढे नेले. टक्. सुई चिकटली.

"आता मार."

बिरूने टिचकी मारली. जोरात मारली. सुई हलली नाही.

 चाचांनी सुई सोडवून घेतली, दोरा तिच्याभोवती गुंडाळला आणि मग ते बोलले.

"मला तुझ्या विजेतले काही समजत नाही बेटा. पण पहिली तार वाजली तेव्हाच मला ऐकू आले, की हिला कोणीतरी धरले आहे. तारेला ओढ हवी. ओढच नसली तर तुझ्या चुंबकाला तिचे काही ऐकू यायचे नाही. पण ओढ म्हणजे मूठ नव्हे. तू ज्याला घट्ट धरशील ते तुझ्याजवळ राहील, हे खरे आहे. फक्त ते वाजणार नाही. त्याला हलायला जागा ठेव. मधल्या त्या मोकळ्या जागेतच सगळे गाणे असते, आणि आपल्याला भीती वाटते तीही तेवढ्याच जागेची."

बिरूने खाली पाहिले. "लांब केलं आनि मग ऐकूच आलं न्हाई तर?"

"करून बघ."

बिरूने चुंबक परत बसवले. पेचकसाने ते खाली न्यायला लागला. एक पेच, थोडा आणखी. प्रत्येक पेचाला त्याचा हात अडत होता, जणू तो काही विहिरीत सोडत होता. चाचा "अजून" म्हणत होते. मग त्यांनी "थांब" म्हटले.

तार छेडली. आवाज आधीपेक्षा लहान आला, पण उघडा. लांबला, पसरला, भोपळ्यांच्या रांगेवरून फिरला, भिंतीवरच्या एका जुन्या तंबोऱ्याची तारही त्याच्याबरोबर हलकीशी बोलली. विझायला त्याने भरपूर वेळ घेतला.

"बारीक झाला पर," बिरू म्हणाला.

"मग हे बटण कशाला हाय मर्दा?" दत्तूने ॲम्प्लिफायरचे बटण फिरवले. "मोठं करायचं काम ह्याचं. तू का तारंच्या उरावर बसतोस?"

बिरू वाजवत राहिला. हातावर शिकलेली धून प्रथमच तारांवर. चुकत होता, थांबत होता, डाव्या हाताच्या बोटांना कातडे उरले नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चाचा, पर ह्यो दादाचा आवाज न्हाई."

"नाही," चाचा म्हणाले. "तो त्याच्याबरोबर गेला. या फळीने त्याच्या पाठीला टेकू दिला होता, ती तेवढेच सांगेल. तेही कमी नाही."

बिरूला रडू आले. वर्षभरात आले नव्हते. दत्तू उगाचच सायकलची दोरी सोडू-बांधू लागला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी विधी झाला, जेवणे झाली. ऊन कडक होते. ऑर्केस्ट्रातली मंडळी सोप्यात बसली होती. बिरूने गिटार घेतली. सगळ्यांना आठवत होते की हा दादाचा आवाज ऐकवणार म्हणाला होता, आणि सगळे थोडे घाबरलेही होते. त्याने आधीच सांगून टाकले, "दादाचा आवाज न्हाई निघत हिच्यातनं. फळीचा निघतोय. चालंल?"

वडील खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "वाजव."

त्याने वाजवले. एकच धून येत होती, ती वाजवली. दोन ठिकाणी चुकला. कोणी वाहवा केली नाही, तशी ती जागाही नव्हती. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

मग वडील उठले. गाईचा घास द्यायचा राहिला होता, आणि गाय गल्लीच्या टोकाला गोठ्यात होती. त्यांनी पान हातात घेतले आणि उंबऱ्यावर क्षणभर थांबले. बाहेरची फरशी तापलेली होती.

"आबा, थांबा," बिरू म्हणाला.

गिटार दत्तूच्या मांडीवर ठेवून तो आत गेला. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पायताणे होती. वर्षभर पडून कातडे लाकडासारखे कडक झाले होते. तो तिथेच उकिडवा बसला, समईच्या बाजूची तेलाची वाटी ओढली आणि अंगठ्याने पट्ट्यांना, तळाला, टाचेला तेल चोळू लागला. घाई केली नाही. वडील पान हातात घेऊन उभेच होते. चोळून झाल्यावर त्याने पायताणे त्यांच्या पायांपुढे सरळ मांडली.

"झिजतील रं," वडील म्हणाले.

"झिजू द्या."

वडिलांनी पाय घातले. थोडी सैल झाली. ते उन्हात उतरले. पहिली काही पावले काहीच वाजले नाही, कातडे नुसतेच आपटत होते. बिरूने गिटार परत मांडीवर घेतली. कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

आणि मग गल्लीच्या टोकाकडून ते ऐकू आले. आधी एकच, अडखळत. मग दुसरे. करकर. करकर.

आत आईच्या हातातली पळी थांबली.

बिरूचे सगळे अंग दाराकडे धावले, पण तो उठला नाही. मान खाली घालून, त्या आवाजाच्या चालीवर, त्याने धून पुन्हा पहिल्यापासून धरली. या वेळी त्याचा गुडघा हलत होता, आणि तो तालात होता.

ज्याच्या घरात अशी एखादी पेटी कुलपात असेल, त्याने ती एकदा उघडून आतल्या पायताणांना तेल लावावे.